माधवरावांचा मुआयना

माधवराव गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने केला, तेव्हा मी त्याला पहिल्यांदा विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" बाप त्याच्याच मांडीवर गेला होता. मग मी गडबडून काहीबाही बोलले, पण फोन ठेवल्यावरही डोक्यात तेच चालू होतं, की आधी खात्री करून घ्यावी, मगच रडावं. ही खोड मला मूळचीच आहे. पण तिला धार लावली ती माधवरावांनी. आमची ओळख संशयातून झाली, संशयावरच वाढली, आणि इतकी वर्षं टिकली तीही बहुधा दोघांनी एकमेकांवर कधी पुरता विश्वास न टाकल्यामुळेच. आता त्यांना जाऊन महिना होत आला. माणसं येऊन चांगलं चांगलं बोलून गेली. त्यातलं बरंचसं ऐकून माधवरावांनी भुवई वर केली असती, म्हणून मी मला माहीत आहे तेवढंच लिहिते.

सत्तरच्या पुढची वर्षं. जालना तेव्हा जिल्हा झालेला नव्हता, औरंगाबादचाच तालुका होता. मी नुकतीच नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते, आणि शाळा सुटली की अनुसयाआक्कांच्या वसतिगृहात जायचे. वसतिगृह म्हणजे मस्तगड या जुन्या, सवर्णांच्या पेठेच्या कडेला भाड्याने घेतलेल्या तीन खोल्या आणि पुढची पडवी. आक्का आमच्याच समाजाच्या, बौद्ध झालेल्या घरातल्या. मस्तगडातल्या बायकांची पोलकी शिवून त्यांनी हा संसार मांडला होता. अंबडकडच्या खेड्यांतून सातवी झालेल्या मुली आणायच्या, मॅट्रिकपर्यंत इथे ठेवायच्या. मुली सगळ्या आमच्याच. गावात पुढची शाळा नाही, शहरात खोली द्यायला कुणी तयार नाही, आणि घरी परत गेली की त्याच उन्हाळ्यात लग्न ठरलेलं. दुष्काळाने आक्कांची शिलाई पार बसली. दाण्यापाण्याची ओढाताण, घरमालकाचा तगादा. जूनला शाळा उघडायच्या आत कुठून मदत आली नाही, तर मुलींना आपापल्या गावी सोडून यायचं, असं आक्कांनी मला सांगितलं तेव्हा त्यांनी मशीनवरची मान वर केली नव्हती.

त्याच सुमाराला जालन्यातल्या काही व्यापाऱ्यांनी, एका डॉक्टरांनी आणि एका वकिलांनी मिळून एक निधी काढला होता. भोवतालच्या तालुक्यांतल्या लहान संस्थांना मदत करायची, असा त्यांचा हेतू. आम्ही त्याला नुसतं 'निधी' म्हणायचो. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर एका आडतीच्या माडीवर त्यांची बैठक भरायची. खाली सरकीची पोती, वर गाद्या-तक्के. मी अर्ज घेऊन गेले तर सगळे फार गोड बोलले. इतकं गोड, की मी घरी येईस्तोवर ठरवून टाकलं होतं, आपल्याला काही मिळत नाही. त्यांची मुख्य अट एकच होती. संस्थेला तिच्या आजूबाजूच्या लोकांचा आधार पाहिजे. शेजारपाजार पाठीशी नसलेल्या संस्थेवर निधी पैसा घालणार नाही. अट ऐकायला किती चांगली! पण मस्तगडच्या कडेला आमच्या मुलींचं वसतिगृह, आणि त्याला शेजाऱ्यांचा आधार... ही अट नेमकी कुणाला गाळायला केलीय, असं मी आक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, पोरी, आधी अर्ज तर दिलास ना, मग पुढचं पुढं.

अर्ज आला की तपासणीला माणूस जायचा, तो माणूस म्हणजे माधवराव. वडीगोद्रीच्या जुन्या शेतकरी घराण्यातले, भावांवर शेती सोपवून, बिऱ्हाड तिकडेच ठेवून जालन्यात नोकरीला आलेले. शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतलं, त्यामुळे तपासणीला ते 'मुआयना' म्हणायचे. त्यांची ख्याती आधीच आमच्यापर्यंत आली होती. दुष्काळात पाऊस नव्हता, पण संस्था कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या होत्या. एका गावात बालवाडी दाखवायला शेजारच्या लग्नघरातली पोरं आणून बसवली होती. माधवरावांनी पोरांना फक्त बाईंचं नाव विचारलं. एकालाही येईना. एका तालमीत मुद्गल पाहिले, मग मुद्गलांऐवजी पैलवानांच्या तळहातांना हात लावून पाहिला, एकाच्याही हाताला घट्टे नव्हते, आणि सरळ परतीची एस.टी. धरली.

आमच्याकडे ते सांगून आलेच नाहीत. भर दुपारी, भाकरी चालू असताना दारात उभे. उंच, किडकिडीत, काखेत छत्री, आणि हातात फिरकीचा तांब्या. आत आले ते थेट गोधड्यांच्या चळतीपाशी गेले आणि खालची एक ओढून तिचा वास घेतला. मी अवाक झाले. "वापरातल्या हायत," म्हणाले. मग चुलीमागच्या भिंतीवरून बोट फिरवून काजळी पाहिली. मुलींच्या पाट्या-पुस्तकांकडे ढुंकूनही बघितलं नाही. आक्कांनी चहा टाकला होता, तो पुढे केला, तर म्हणाले, "चहा न्हाई. मी मुआयन्याला आलोय, पाव्हणा म्हणून न्हाई." मग पाणी तरी घ्या, म्हटलं. तर पाणीही नाही. आणि जाताना, आमच्या पडवीच्या पायरीवर बसून, स्वतःच्या तांब्याची फिरकी उघडून घटाघटा पाणी प्यायले.

माझ्या अंगाचा भडका उडाला. वडीगोद्रीकडची आमची माणसं मला माहीत होती, तिथल्या विहिरी माहीत होत्या. नियम कसला आलाय? आमच्या हातचं नको, एवढंच ते. आक्का म्हणाल्या, असंल बी, नसंल बी. पण मला 'असंल-नसंल' चालेना. तपासणीच करायची तर मीही करीन, म्हणून मी मदत मिळालेल्या एका वाचनालयात गेले. तिथले कार्यवाह पंचक्रोशीत मान असलेल्या घरातले. इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारलं, की तपासणीवाले माधवराव तुमच्याकडे चहा घेतात का हो? ते म्हणाले, छे, पाणीसुद्धा घेत नाहीत, फार विक्षिप्त माणूस आहे. झालं, शंका फिटायला हवी होती. पण परत येताना वाटलं, ह्या गृहस्थांनी आपल्या माणसाला सांभाळून घेतलं असेल तर? मग निधीचीच मदत मिळालेल्या एका गोशाळेत जाऊन विचारलं. तिथेही तेच उत्तर. पुढे कितीतरी वर्षांनी माधवरावांनी मला सांगितलं की मी कुठे कुठे चौकशी करत फिरले ते त्यांना त्याच आठवड्यात कळलं होतं, आणि तेव्हाच त्यांनी आमचा अर्ज बाजूला न टाकता वर ठेवला. संशय घेणारी बाई हिशेबात गोलमाल करत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला तर हेही त्यांनी नंतर रचून सांगितलं असावं असं वाटतं.

दुसऱ्या खेपेला मात्र निरोप आला. निधीचे अध्यक्ष स्वतः येणार, बरोबर माधवराव. आता अध्यक्ष म्हणजे मोठे आडतदार. आक्कांची धांदल उडाली. आपल्याकडे कुणी मोठं माणूस येणार म्हटल्यावर घरात आहे तेवढ्यावर कुणी भागवतं का? कार्य असलं की चार घरची भांडी मागून आणायची, सतरंज्या आणायच्या, ही रीतच आहे. आक्का ज्यांची पोलकी शिवायच्या त्या मस्तगडातल्या घरांमध्ये गेल्या आणि परड्या भरभरून स्टीलचे पेले, ताटं, पितळी पातेलं, एक सुबकसा पोह्यांचा डबाही घेऊन आल्या. मी म्हटलं, आक्का, आपण मदत मागतोय, आणि घर असं सजवतोय? त्यावर त्या चिडल्या. म्हणाल्या, भिकाऱ्यासारखं बसायचं का त्यांच्यापुढं?

अध्यक्ष आले, सतरंजीवर बसले, अगदी खूश झाले. चहा प्यायले, पोहे खाल्ले. माधवराव भिंतीला टेकून उभे. त्यांनी रिकामा पेला उचलून उजेडाकडे धरला. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतातच. एकावर 'चि. सौ. कां. कुमुद हिस मामांकडून', दुसऱ्यावर कुणा आजोबांच्या स्मरणार्थ, पातेल्यावर तर आडनावासकट सगळं खणखणीत कोरलेलं. अध्यक्षांनी ती नावं पाहिली आणि त्यांना भलताच आनंद झाला. सगळी पेठ पाठीशी उभी आहे की तुमच्या, म्हणाले. आक्कांनी काही नाकारलं नाही. मी आत पेले विसळत होते, तिथे माधवराव आले आणि हलक्या आवाजात म्हणाले,

"बाई, ही भांडी ते लोक माघारी घेतील का?"

मी विचारलं, न घ्यायला काय झालं? ते म्हणाले, "मला न्हाई माहीत. म्हणून तर इचारून राह्यलो." आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आक्का आणि मी भांडी परत करायला निघालो. पहिल्या घरी घेतली, तिथल्या आजींनी आम्हाला बसवूनही घेतलं. दुसऱ्या घरच्या सूनबाईंनी पेले दारातच उतरवून घेतले आणि आम्ही वळायच्या आत त्यांवर पाणी ओतलं. तिसऱ्या घरी, चौथ्या घरी... "राहू द्या हो तिकडंच. तुम्हालाच लागतील." हसून म्हणत होत्या. शिव्या खाल्लेल्या परवडतात. आक्कांनी परडी पुन्हा डोक्यावर घेतली. त्यातलं ते आडनावाचं पितळी पातेलं वकिलांच्या घरचं होतं, निधीच्या विश्वस्तांतले जे वकील, त्यांच्या. घरी आल्यावर आक्का म्हणाल्या, चला, फुकटात भांडी आली.

माधवराव येणार हे मला माहीत होतं. चार दिवसांनी आले, भांड्यांच्या फळीपुढे उभे राहिले. आक्का पुढे होऊन म्हणाल्या, "दिली लोकांनी साहेब. दान." माधवरावांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "बाई, दान हाय का?" आता काय सांगायचं? खरं सांगितलं तर शेजाऱ्यांचा आधार नाही हे मीच माझ्या तोंडाने कबूल केल्यासारखं, आणि मग मदत कसली. मुली परत जाणार. खोटं सांगितलं तर ते फळीवर चकचकत उभंच होतं. आणि हा माणूस नक्की कुणाच्या बाजूचा, तेही ठाऊक नाही. कदाचित आमचा अर्ज बाद करायला त्याला माझ्याच तोंडचं वाक्य हवं असेल. पण मला त्या भांड्यांचा इतका संताप आला होता, की मी म्हणून गेले, दान नाही, आमच्या तोंडाला लागली म्हणून परत घेतली नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली आणि गेले. त्या संध्याकाळी आक्कांनी मुलींना अर्धी अर्धीच भाकरी वाढली, आणि ती माझ्यामुळे, हे मला बरोबर पोचवलं.

बैठकीला आम्हा दोघींना बोलावलं होतं. त्याच माडीवर, गाद्यांपासून जरा लांब. अध्यक्षांनी आमची तारीफ केली, भांड्यांची गोष्ट सांगितली, मस्तगडच्या लोकांचं मन किती मोठं म्हणाले. वकीलसाहेब हसून मान डोलावत होते. मग अध्यक्षांनी माधवरावांना त्यांचं मत विचारलं. माधवराव उठले. मी आक्कांचा हात घट्ट धरला.

"वकीलसाहेब, तुमच्या घरचं एक पातेलं तिथं हाय," ते म्हणाले. "दान समजायचं का माघारी न्यायचं, तेवढं सांगा. म्हंजे मला बराबर लिहिता येईल."

वकील म्हणाले, अहो, दानच समजा. माधवराव म्हणाले, "एकडाव घरी इचारून सांगा."

वकीलसाहेब आधी लाल झाले, मग त्यांनी चष्मा पुसायला घेतला. त्यांना खरोखर काही माहीत नव्हतं, असं आक्का शेवटपर्यंत म्हणायच्या. मला तसं वाटत नाही. माणसाला आपल्या घरातलं बरंच ठाऊक असतं. शेवटी ते म्हणाले की पातेलं घरी पाठवून द्या, मी सांगून ठेवतो. मग माधवराव अध्यक्षांकडे वळून म्हणाले की भोवतालचा आधार या वसतिगृहाला बिलकूल नाही, आणि तो असता तर वसतिगृहाची गरजच पडली नसती, मुली कुणाच्याही घरी राहिल्या असत्या. एवढं बोलून खाली बसले.

पातेलं पोचवायला मी गेले तर माधवराव कोपऱ्यावर छत्री घेऊन हजर. मुआयना! वकीलणबाईंनी दार उघडलं, पातेलं घेतलं, आत नेलं. थोड्या वेळात आतून राखेने खसाखसा घासल्याचा आवाज आला, इतका वेळ, इतका जोरात, की मला वाटलं पातेल्याला भोक पडेल. माझे डोळे भरून आले. मी रस्त्यावरच माधवरावांवर बरसले. हे काय मिळवलंत तुम्ही? ह्याला घेणं म्हणतात? ते शांतपणे म्हणाले, "बाई, मी मन तपासत न्हाई. भांडं आत गेलं का बाहेर राह्यलं, तेवढंच पाहतो."

मदत मंजूर झाली. वकीलसाहेबांनीच पहिल्यांदा हात वर केला म्हणे. शरमेने, की माधवरावांच्या जिभेच्या भीतीने, की त्यांना खरंच वाटलं म्हणून, देव जाणे. माधवरावांचं आणि त्या वकिलांचं जमिनीच्या एका दाव्यावरून जुनं वाकडं होतं, असंही माझ्या कानावर आलं, आणि मी ते कित्येक वर्षं मनात ठेवलं. आमच्यासाठी बोलले, की आमच्या आडून आपला डाव साधला? एकदा तोंडावर विचारलंही. म्हणाले, दावा होता, बराबर, आणि तो मी हरलो. ह्यातून मी काय समजायचं? मुलींची शाळा जूनमध्ये सुरू झाली, एवढं मात्र खरं. त्यातल्या दोघी पुढे नर्स झाल्या, एक माझ्याच शाळेत शिक्षिका म्हणून आली.

निधी पुढे चार-पाच वर्षांत विश्वस्तांच्या भांडणात बंद पडला. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी माधवराव वसतिगृहात आले, पडवीत बसले आणि आक्कांना म्हणाले, "आता नोकरी गेली माझी. चहा टाका." कप घेतला, बशीत ओतून सावकाश प्यायले, आणि मला लगेच वाटलं, हा मला दाखवायला पितोय. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी दुसरा कप मागितला. मग ते येतच राहिले. आक्का गेल्या तेव्हा खांदा द्यायला होते. कुठल्या मुलीला स्थळ आलं की मुलाची चौकशी करायला मी त्यांनाच पाठवायचे, आणि त्यांनी आणलेली माहिती पुन्हा दुसऱ्याकडून तपासून घ्यायचे. ते हसायचे. पण एक गोष्ट मला सलत राहिली. इतक्या वर्षांत त्यांनी मला वडीगोद्रीला घरी कधी बोलावलं नाही. मुलाच्या लग्नाची पत्रिका दिली ती शाळेत आणून, आणि वर म्हणाले, उन्हाचं कशाला येता. मी गेले नाही. आक्का असत्या तर म्हणाल्या असत्या, असंल बी, नसंल बी. मी मात्र माझ्यापुरता निकाल लावून टाकला होता, की मस्तगडातल्या घरांची दारं ठोठावणाऱ्या ह्या माणसाचं स्वतःचं दार आपल्याला बंद आहे. त्यांचा राग यायचा, आणि तरी रविवारी ते आले नाहीत की चुकल्यासारखं व्हायचं.

फोन आल्यावर मी एस.टी.ने वडीगोद्रीला गेले. आयुष्यात पहिल्यांदा ते घर पाहिलं. हमरस्त्यामागच्या गल्लीत, पुढे ओसरी, बाजूला लिंबाचं झाड. बायका सतरंजीवर बसलेल्या. मला पाहून सुनेने आतून खुर्ची आणली. सगळ्या खाली आणि मी एकटी खुर्चीवर. हा मान, की अंतर? मयताच्या घरातसुद्धा माझं डोकं असंच चालत होतं. शेजारच्या दोघी कुजबुजत होत्या की म्हातारीच्या डोळ्याला अजून पाणी नाही, नवरा गेल्यापासून दगडासारखी बसलीय. तेवढ्यात माधवरावांच्या पत्नी, रुक्मिणबाई, उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही त्या वसतिगृहाच्या बाई ना? आत चला." त्यांनी मला हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं. चूल थंड होती, दुखवट्याचं जेवण शेजारून आलेलं, झाकून ठेवलेलं. त्या जमिनीवर बसल्या, मलाही शेजारी बसवलं, आणि माझा हात सोडला नाही.

"तुमचं नाव लई घ्यायचे," त्या म्हणाल्या. "म्या म्हणलं, मंग आणा की एकदा घरला. तर आणतो म्हणायचे, आन् आणायचे न्हाईत. ह्या दुखण्यात म्या पुन्हा इचारलं, का न्हाई आणलं त्या बाईला? तर म्हणले, तू काय करशील ह्याचा मला भरवसा न्हवता. तू पेला बाहेर ठिवला असता, तर मला तोंड उरलं नसतं..." त्यांनी एका ताटावरचं झाकण सारखं केलं. "ठिवला असता का न्हाई, मलाबी सांगता येत न्हाई, बाई. सासू व्हती तवा ठिवलाबी असता. पर सारा मुलूख इचारत हिंडले हे. लोकांच्या दारात उभं राहून इचारलं. मला कधी इचारलं न्हाई."

आणि मग त्या रडायला लागल्या. बाहेरच्या बायका दाराशी आल्या, सून आली, पण त्यांनी माझा हात काही सोडला नाही.